गेणबाची हरकत

निरवांगीच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेणबा रासकर एकतीस वर्षं नोकरीला आहे, आणि या एकतीस वर्षांत त्यानं कुणाला 'नाही' म्हटल्याचं गावाला आठवत नाही. गेणबा, जरा माईक लाव. लावला. गेणबा, लग्नात सतरंज्या अंथर. अंथरल्या. त्या झटकायलाही परत गेणबाच. कुणी काहीही सांगितलं तरी हा आधी 'बरं' म्हणायचा आणि मग काय सांगितलं याचा विचार करायचा. असा माणूस गावाला फार सोयीचा असतो, आणि गावानं ती सोय पुरेपूर वापरली.

दिसायला म्हणाल तर शेवग्याच्या शेंगेसारखा. डोक्याला टोपी, नाकावर चष्मा, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी दोरा आणि दोऱ्याचं वेटोळं कानाला. वीस गुंठ्यांत वांगी-टोमॅटो, ते बायको बनाबाई बघायची. हा सकाळी आठला ग्रंथालय उघडणार, केर काढणार, पेपर टेबलावर मांडणार आणि वाचायला बसणार. गेणबा वाचतो हे मात्र गावाला माहीतच नव्हतं. पुस्तकांच्या खोलीत बसलेला माणूस पुस्तकं वाचत असेल, अशी शंका कुणाला यावी तरी कशी! नवं पुस्तक आलं की शिक्का मारायच्या आधी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, हा त्याचा स्वतःचा नियम. न वाचता शिक्का मारणं म्हणजे मुलगा न बघता मुलीला हळद लावणं, असं तो बनाबाईला सांगायचा.

गणपती उठले आणि चौथ्या दिवशी सरपंच अविराज ग्रंथालयात आला. बत्तीस वर्षांचा तरणाबांड गडी. मनानं वाईट नाही, पण त्याचे दंड बघितले की त्याचं प्रेम कुठल्या खात्यावर आहे ते कळायचं.

"आबा," तो म्हणाला, "चार कपाटं, त्यातली दोन तुमी म्हनता तसं वाळवीनं रिकामी. पोरं रोज माज्या दारात येत्यात, जिम पायजे म्हनून. दिवाळीपत्तुर कपाटं भरली तर ठीक, न्हायतर खोली जिमला द्यावी लागंल. तुमास्नी दुसरं काम देऊ, त्याची काळजी करू नगा."

"बरं," गेणबा म्हणाला.

संध्याकाळी त्यानं घरी येऊन हे सांगितलं. बनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं म्हनून आलासा? कुनी इहिरीत उडी टाका म्हनलं तरी आदी बरंच म्हनाल तुमी. मग पान्यात पडल्यावर इचार करत बसाल."

गेणबाला राग आला नाही. कारण ते खरंच होतं.

या संकटातून वाट काढली ती श्रेयानं. श्रेया निरवांगीचीच, याच ग्रंथालयात बसून शिकली आणि आता बारामतीत मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवते. कुठंतरी परमुलखात पुढारी आणि पत्रकार धर्मादाय कामासाठी शुद्धलेखनाची स्पर्धा खेळतात, असं तिच्या वाचनात आलेलं. ती थेट सरपंचाकडे गेली. पाच पुढारी, पाच पत्रकार, शाळेच्या पटांगणात एक फळा. दिलेला शब्द सगळ्यांसमोर खडूनं लिहायचा. जो चुकेल त्यानं चुकीमागं दहा पुस्तकं निरवांगीच्या ग्रंथालयाला द्यायची. शब्द काढणार कुशाबाई. कुशाबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय शहात्तर, तालुक्यातले निम्मे पुढारी आणि निम्मे पत्रकार त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेले. जिंकणाऱ्या बाजूला ढाल.

पुढाऱ्यांना माईक असलेल्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हणता येत नाही, म्हणून ते हो म्हणाले. पुढारी हो म्हणाले म्हणून पत्रकारांना मागं सरता येईना. पुढाऱ्यांचे कप्तान झाले पंचायत समितीचे माजी सभापती विजयसिंह. पत्रकारांचे कप्तान मोहनराव, इंदापूरच्या एका साप्ताहिकाचे संपादक, वार्ताहर आणि जाहिरातवालेही तेच.

गेणबाला तर आभाळ ठेंगणं झालं. विजयसिंहांचे कार्य-अहवाल ग्रंथालयात फुकट यायचे, मोहनरावांचं साप्ताहिकही फुकट यायचं, आणि एकतीस वर्षं ते दोन्ही अक्षरन् अक्षर वाचलेला पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस तो होता. दोन्ही बाजूंच्या शुद्धलेखनावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

"धा जन," तो बनाबाईला म्हणाला, "परत्येकाला धा शब्द. निम्मं चुकलं तरी पाचशे पुस्तकं."

"आन् समदंच चुकलं तर?"

"तर कपाट नवं घ्यावं लागंल!" आणि गेणबा असा हसला की बनाबाईला तो लग्नातला दिसला.

त्यानं स्वतःच्या हातानं फळ्याला काळा रंग दिला. दोनदा दिला. वालचंदनगरला जाऊन खडूची पेटी आणली.

आता गंमत बघा. स्पर्धा रविवारी, आणि शनिवारी दुपारी भवानीनगरच्या बाजूला एका मळ्यात दोन्ही कप्तान चहाला एकत्र आले. इकडच्या मातीचा गुणच आहे तो. इथं कारखान्याची असो, सोसायटीची असो, निवडणूक लागली की पहिला प्रयत्न ती होऊ नये यासाठी असतो. बसायचं, चहा प्यायचा, तुझं माझं वाटून घ्यायचं, उरलेल्यांना अर्ज मागं घ्यायला लावायचे आणि 'बिनविरोध' म्हणून गुलाल उधळायचा.

"मोहनराव," विजयसिंह म्हणाले, "उद्या फळ्यावर आमी चुकलो तर आमचं हसं, तुमी चुकला तर तुमचं. समदा तालुका मोबाईल काडून बसनार. एवढं समदं बिनविरोध करतो आपन, मग ह्येच का न्हाय?"

मोहनराव तीन दिवस झोपलेले नव्हते. त्यांनी बशीतला चहा एका दमात संपवला. "आन् ढाल?"

"पयलं सा म्हैनं आमच्याकडं, मग आमी राजीनामा देतो. फुडलं सा म्हैनं तुमच्याकडं."

झालं, ठरलं! पुस्तकांचा विषय निघालाच नाही. कुणी लबाडीनं टाळला असंही नाही. ज्या गोष्टीत वाटावाटी नाही ती गोष्ट या मंडळींच्या ध्यानातच येत नाही, त्याला ते तरी काय करणार.

रविवारी शाळेचं पटांगण फुलून गेलं. पार वालचंदनगरहून माणसं आली. भेळेच्या तीन गाड्या लागल्या. बायकांची बाजू तर दहालाच भरली. मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. दहाही स्पर्धकांचे झाले, कुशाबाईंचा झाला, मंडपवाल्याचा झाला, ज्याच्या ट्रॅक्टरनं टँकर आणला त्याचाही झाला. नाव राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही, त्यामुळं यात काटकसर चालत नाही. सव्वा तास गेला. ऑक्टोबरच्या उन्हात शाली पांघरून दहाजण घामानं निथळत बसले होते. गेणबा माईकच्या खांबाशी उभा होता, कारण प्रत्येक वक्त्याच्या उंचीप्रमाणं माईक वरखाली करणं हे त्याचं काम. कुशाबाईंच्या मांडीवर शब्दांचं बंद पाकीट होतं आणि गेणबाची नजर त्या पाकिटावरून हलत नव्हती.

विजयसिंह माईकवर आले. परंपरा झाली, संस्कृती झाली, मातृभाषा झाली. मग ते म्हणाले, "भाषा ही जोडणारी गोष्ट आहे, तोडणारी नव्हे. तरी कटुता टाळून, खेळीमेळीच्या वातावरणात ही स्पर्धा बिनविरोध पार पडली असं जाहीर करावं, असा ठराव मी मांडतो. मोहनरावांचं त्याला अनुमोदन आहे. ठराव मंजूर?"

मंडपातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या संस्थेचा सभासद. कारखाना, सोसायटी, दूध संघ, पतसंस्था, काहीतरी असतंच. वर्षानुवर्षं सर्वसाधारण सभेला जायचं आणि कानावर 'ठराव' पडला की तोंडानं बाकीचं करायचं, ही सवय हाडात मुरलेली.

"मंजूर! मंजूर! मंजूर!" अख्खा मंडप गर्जला. हात वर झाले. टाळ्या पडल्या.

मग टाळ्या हळूहळू विरळ झाल्या.

"आता?" एकानं शेजाऱ्याला विचारलं.

"आता काय, झालं की."

"झालं म्हंजी? सपर्दा?"

"तीच झाली. तूच न्हवं का आत्ता मंजूर वराडलास?"

"मी काय, समदेच वराडले!"

हातातली भेळ हातात राहिली. दहा मैलांवरून आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. व्यासपीठावर ढाल घेऊन फोटोची तयारी सुरू झाली, आणि कुशाबाई पाकीट परत पिशवीत ठेवू लागल्या.

"नामंजूर."

आवाज बारीकच होता. पण बोलणारा माईकपासून वीतभर अंतरावर होता, आणि माईक त्यानंच लावलेला असल्यामुळं तो फार उत्तम चालत होता. 'नामंजूर' हा शब्द चारही कर्ण्यांतून पटांगणभर फिरला, शाळेच्या भिंतीवर आपटला आणि परत आला.

"कोन बोललं?" विजयसिंहांनी मंडपभर नजर फिरवली. सगळीकडे बघितलं, शेजारी सोडून.

"मी," गेणबा म्हणाला. आपण काय बोलून बसलो हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

"तुमचं काय म्हननं हाय, गेणबा?"

आता काहीतरी म्हणणं असायला हवं होतं. "माजा अर्ज हाय."

"कसला अर्ज?"

"सपर्देचा. अपक्ष."

मंडपात असा काही गलका उठला की भेळेच्या गाडीवरचे कावळे उडाले. बिनविरोधाचा सगळा डाव एका अपक्षाच्या अर्जावर अडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विजयसिंहांना तर जास्तच ठाऊक होतं. त्यांच्या हातानं अशा वेळी जे करायचं ते आपोआप केलं: तो गेणबाच्या खांद्यावर जाऊन पडला.

"गेणबा, जरा हिकडं या की. च्या घिऊ. आवो, तुमाला पाठीमागंच ग्रंथालयाच्या समितीवर घ्यायचं ठरलंवतं. माघार घ्या, उद्याच घेतो."

गेणबाच्या ओठांवर 'बरं' येऊन उभं राहिलं. एकतीस वर्षांची सवय ती. समोर बायकांच्या बाजूला बनाबाई उभी होती, पदर दातात धरून. तिनं काही खूण केली नाही. नुसती बघत होती.

"न्हाय," गेणबा म्हणाला. "अर्ज मागं घ्यायचा न्हाय."

आणि हेही माईकवर ऐकू गेलं.

कुशाबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं, टर्रकन फाडलं आणि म्हणाल्या, "माघारीची मुदत संपली. अर्ज वैध. फळ्याकडं ये, गेणू."

अपक्षाला तीनच शब्द, असं बाईंनी ठरवलं. पहिला शब्द होता 'शुश्रूषा'. गेणबानं खडू घेतला. पहिलं अक्षर वळवळत उमटलं, पण उमटलं बरोबर. बाईंनी मान हलवली. दुसरा 'पुनर्वसन'. तोही बरोबर. मंडप नाचायला लागला. तिसऱ्याला 'जिजीविषा' आला आणि तिथं मात्र दुसऱ्या ज-पाशी गेणबाचा हात अडखळला. "चूक," बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या उभ्या आयुष्यात हा शब्द कुणाला गोड आवाजात सांगितला नव्हता, आणि आत्ताही सांगितला नाही.

गेणबा खाली उतरला. पण आता बिनविरोध कसलं राहतंय! ग्रंथालयातला गडी दोन शब्द बिनचूक लिहून गेला आणि आपण शाली पांघरून बसून राहिलो, हे कुठल्या पुढाऱ्याला आणि कुठल्या पत्रकाराला सोसणार? खालून पोरं ओरडत होती, "फळा! फळा!" विजयसिंहांनी शाल फेकली आणि ते फळ्याकडे गेले. बाईंनी त्यांना 'उज्ज्वल' घातला. वीस वर्षं तालुक्याला उज्ज्वल भवितव्य देणारा माणूस त्यातला एक ज खाऊन मोकळा झाला.

"चूक."

मंडप कोसळला. मोहनरावांना हसू आवरेना, म्हणून पुढची पाळी बाईंनी त्यांच्यावर आणली. 'तज्ज्ञ'. दर आठवड्याला चार तज्ज्ञांची मतं छापणारे मोहनराव तिथंच आडवे झाले. "छपाईत होतं असं," ते म्हणाले. "फळ्यावर कुठली छपाई?" बाईंनी विचारलं.

मग सुमारच राहिला नाही. एका पुढाऱ्यानं फेरमतमोजणी मागितली. एका पत्रकारानं सूत्रांच्या माहितीनुसार आपलंच बरोबर असल्याचं सांगितलं. एकानं खडू खराब असल्याची हरकत घेतली, दुसऱ्यानं लगेच अनुमोदन दिलं. पत्रकारांच्या बाजूनं उतरलेली श्रेया स्वतः 'आशीर्वाद'वर घसरली आणि फळ्याकडे पाठ करून पोट धरून हसत बसली. आणि या सगळ्या गोंधळात एकच माणूस असा होता, की बरोबर उत्तराला गप्प बसायचा आणि चुकीला टाळ्या पिटायचा. दर चुकीला गेणबा जागच्या जागी उडी मारायचा. साठीला टेकलेल्या माणसानं अशा उड्या मारणं बरं दिसत नाही, पण त्या दिवशी त्याला कोण सांगणार! पत्रकारांचं चित्रण चालू होतं म्हणून पुढाऱ्यांना आकडा नाकारता येईना, आणि पुढारी शेजारीच बसलेत म्हणून पत्रकारांनाही येईना.

अविराजनं शेवटी आकडे वाचले. पुढाऱ्यांच्या चोवीस चुका, पत्रकारांच्या तेवीस. ढाल एका चुकीनं पत्रकारांना. विजयसिंहांनी मोहनरावांना अशी कडकडून मिठी मारली, जशी काही आपणच जिंकलो. चारशे सत्तर पुस्तकं! "आन् अपक्षाची एक," अविराज म्हणाला.

"अपक्षाचं माफ!" विजयसिंह ओरडले. मंडपानं टाळ्या वाजवल्या.

गेणबा माईककडे आला. या वेळी कुणाची उंची बघायची नव्हती, तरी त्यानं सवयीनं माईक खाली घेतला, आणि मग परत स्वतःच्या तोंडापाशी वर केला.

"माफ नगं," तो म्हणाला. "चुकलो तर धा पुस्तकं, ह्ये समद्यास्नी लागू. पर माज्याकडं सोताचं पुस्तक एक बी न्हाय. सरपंच इचारत्यात, दोन कपाटं रिकामी कशी झाली. मी त्यास्नी वाळवी सांगितली. ते खोटं हाय. वाळवी न्हाय लागली. पुस्तकं गावातच हाईत. नेली, आन् परत यायची ऱ्हायली. कुनाच्या घरात कंचं हाय, ते मला ठावं हाय. मागायला माजी जीभ उचलली न्हाय. आज मागतो. नाव मी कुनाचं घेनार न्हाय. ज्यानं त्यानं आनून द्या, आन् त्यातली धा माजी धरा."

लोक आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. चारशे माणसांच्या मंडपात चारशे माणसांना एकाच वेळी घरातलं फळकूट, पेटी, माळा आठवत होता.

पहिल्यांदा उठल्या कुशाबाई. "माझ्याकडं एक आहे, गेणू," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याण्णव सालापासून. दुसऱ्यांना वेळेवर पुस्तक परत करायला शिकवत आले आणि स्वतः… लाज वाटत होती रे."

बाई उठल्यावर मग काय! "माज्याकडं दोन!" "आमच्या म्हातारीकडं एक, पर कव्हर न्हाय!" विजयसिंहांनी हात वर केला, कॉलेजात असताना नेलेलं एक. बायकांच्या बाजूनं तर हातांचं रानच उगवलं. हसू परत सुटलं, आणि ते शरमेचं हसू असल्यामुळं जास्तच जोरात सुटलं. सगळ्यात शेवटी सरपंच अविराज बोलला, आणि माईक सोडून बोलला.

"आमच्या घरी सात हाईत, आबा. आज्ज्याच्या उशाला असायची. आज्जा गेला, पुस्तकं तशीच ऱ्हायली." त्यानं मान खाली घातली. "खोली लायब्ररीचीच ऱ्हाईल. जिमचं मी शाळंमागच्या शेडात बघतो."

गेणबाला काहीतरी बोलायचं होतं. पण त्यानं माईकचं बटण बंद केलं आणि टोपीनं डोळे पुसले. बनाबाई मात्र पदर दातातून सोडून मोठ्यानं रडली. तिला कुणाची भीड नव्हती.

सोमवारी सकाळी आठला गेणबा कुलूप काढायला आला तेव्हा ग्रंथालयाच्या ओट्यावर जागा उरली नव्हती. माणसं रस्त्यापर्यंत उभी, प्रत्येकाच्या काखेत नाहीतर पिशवीत काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सगळ्यात पुढं कुशाबाई. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, पर्सची चेन उघडली आणि जरबेनं विचारलं, "दंड किती झाला?"

गेणबानं पुस्तक उघडून शिक्का बघितला, बाहीनं धूळ पुसली आणि ते कपाटात त्याच्या जागी ठेवलं.

"ते ऱ्हाऊ द्या, बाई," तो म्हणाला. "आता कंचं नेताय, ते सांगा."